वाढीचा वेग कोण ठरवतं? मेटाबॉलिझम, जीन्स आणि आपण

मांडवीचा_मास्तर (धागाकर्ता)

मंडळी, बडोद्यात अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवतो आणि एक गोष्ट मला फार दिवसांपासून खुपतेय, ती इथे मांडतो. आपल्या पुस्तकांत पचन, श्वसन, एन्झाइम्स एकीकडे आणि गर्भाची वाढ, विकास दुसरीकडे. मुलं दोन्ही धडे पाठ करतात, मार्कही आणतात, पण डोक्यात जे बसतं ते असं की जीन्स हुकूम सोडतात, शरीर घडत जातं, आणि मेटाबॉलिझमने, म्हणजे चयापचयाने, मागून फक्त इंधन पुरवायचं. माझं म्हणणं आहे की वाढ कधी सुरू होणार, किती वेगाने होणार, कुठे थांबणार यात मेटाबॉलिझमचा थेट हात असतो, आणि हे शिकवलं नाही तर विकास हा विषय अर्धाच शिकवला जातो.

एकच उदाहरण देतो पण नीट देतो. गर्भात पाठीचा कणा तयार होण्याआधी पेशींचे छोटे छोटे ठोकळे जोडीजोडीने एकामागून एक पडत जातात, त्यातूनच पुढे मणके, बरगड्या, पाठीचे स्नायू होतात. झेब्राफिशमध्ये साधारण अर्ध्या तासाला एक जोडी, कोंबडीच्या गर्भात दीड तासाला, उंदरात दोन तासांना आणि माणसात साधारण पाच तासांना. आता उंदीर आणि माणूस, दोघांचं तापमान ३७ च्या आसपास, ठोकळे पाडण्याचा हा ठोका, म्हणजे ताल, देणारे जीन्सही जवळपास तेच. मग माणसाचा ठोका इतका सावकाश का? २०२३ मध्ये यावर फार सुंदर काम प्रसिद्ध झालं. हे ठोकळे ज्यांतून पडतात तशा दोघांच्या पेशी भांड्यात वाढवल्या, त्यांचा चयापचय मोजला, तर वजनाच्या हिशोबाने उंदराच्या पेशींचा वेग जवळपास दुप्पट निघाला. मग माणसाच्या पेशींत जिवाणूचं एक एन्झाइम घातलं, ज्याने एनएडी आणि एनएडीएच (पेशीच्या ऊर्जेच्या व्यवहारातल्या एकाच रेणूची दोन रूपं) यांचं आपसातलं प्रमाण बदलतं, ठोक्याच्या जीन्सना हात लावला नाही, तर पेशीत प्रोटीन बनण्याचा वेग वाढला आणि ठोकाही लवकर पडायला लागला! त्याच वर्षी मेंदूच्या पेशींवरही असंच काम आलं, मायटोकॉन्ड्रियाचं, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांचं, काम वाढवलं की माणसाचे न्यूरॉन लवकर पिकतात, कमी केलं की उंदराचे रेंगाळतात.

मला हे वाचून रात्री झोप लागली नव्हती. तुमच्याकडे झाडं, प्राणी, मुलं, काहीही असू दे, अशी उदाहरणं असतील तर लिहा.

---

प्रतापनगरकर

सर वाचलं, आवडलं, पण एक शंका आहे. ते एन्झाइम तरी कोण बनवतं, जीन्सच ना? उंदराचा मेटाबॉलिझम फास्ट आहे तो उंदराच्या जीन्समुळेच आहे. म्हणजे फिरून फिरून गोष्ट तिथेच येते. मी इंजिनियर माणूस आहे, मला कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे स्पष्ट लागतं.

---

फतेहगंज_लॅब

प्रतापनगरकर, शंका रास्त आहे, पण जीन्स ही काय काय बनवता येईल याची यादी आहे. त्यातलं आत्ता काय बनवायचं आणि किती, हे पेशीच्या आत त्या क्षणी काय शिल्लक आहे त्यावरही ठरतं. त्यामुळे कारण-परिणाम अशी सरळ रेघ इथे निघत नाही, दोन्ही एकमेकांना ढकलतात.

मी वाढणाऱ्या पेशींबद्दल लिहिते, कारण रोजचं काम तेच आहे. १९२० च्या दशकात ओटो वॉरबर्ग यांनी दाखवलं की कॅन्सरच्या गाठीतल्या पेशी ऑक्सिजन भरपूर असतानाही ग्लुकोज पूर्ण जाळत नाहीत, अर्धवट तोडून लॅक्टिक अ‍ॅसिड करून बाहेर टाकतात. त्यांना १९३१ चं नोबेल मिळालं ते पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमवरच्या कामासाठी, पण लोकांच्या लक्षात राहिली ती ही गोष्ट. हिशोबाने बघितलं तर हा वेडेपणा वाटतो, एक ग्लुकोज पूर्ण जाळलं तर साधारण ३० ते ३२ एटीपी (पेशीत ऊर्जा वाहून नेणारे रेणू) मिळतात, अर्धवट तोडलं तर फक्त २. मग इतका तोटा का सोसायचा? तर झपाट्याने विभागणाऱ्या पेशीला नुसती ऊर्जा पुरत नाही, माल पण लागतो. नवीन पेशीचं आवरण, डीएनए, प्रोटीन हे सगळं कार्बनमधूनच उभं करायचंय. घरात आलेलं सगळं लाकूड चुलीत घातलं तर ऊब भरपूर मिळेल पण खाट कशाची करणार. म्हणून ग्लुकोज तोडण्याच्या वाटेवर मधेमधे फाटे फुटतात आणि त्या फाट्यांवरून माल बांधकामाकडे वळतो.

आणि आता खरी गोष्ट, गर्भातल्या पेशी पण हेच करतात. कोंबडीच्या आणि उंदराच्या गर्भात शेपटीच्या टोकाकडे ग्लुकोज तोडण्याचा वेग जास्त आणि डोक्याकडे कमी कमी होत जाणारा असा उतार २०१७ मध्ये दाखवला गेला, आणि तो उतार बिघडवला की शेपटीकडची वाढ अडते. मास्तरांनी सांगितलेले ठोकळे या उतारावरच पडतात. म्हणजे कुठली पेशी अजून वाढत राहणार आणि कुठली आता स्थिर होऊन मणका-स्नायू व्हायला लागणार हे सांगण्यात साखरेचा वाटा आहे. पेट स्कॅनमध्ये (साखरेसारखा पदार्थ टोचून तो शरीरात कुठे जास्त ओढला जातो ते बघण्याची तपासणी) गाठ चमकते ती याच भुकेमुळे, गाठ साखर जास्त ओढते. गर्भाची ही सवय नको त्या वयात, नको त्या जागी परत जागी झाली की काय होतं ते तिथे दिसतं.

---

गच्चीवाली

माझं शिक्षण कॉमर्सचं, तरी लिहिते कारण गच्चीवर मी जे रोज बघते त्याचा याच्याशी संबंध आहे असं वाटतंय.

एक, मोड. मूग रात्रभर भिजवून सकाळी कपड्यात बांधून ठेवले की संध्याकाळी गाठोड्यात हात घातला तर आत चक्क कोमट लागतं. आई म्हणायची मुगाला ताप येतो. ही ऊब कुठून येते?

दोन, लिंबाच्या कुंडीतल्या अळ्या. दर पावसाळ्यात येतात, सुरुवातीला पक्ष्याच्या शिटेसारख्या काळ्या-पांढऱ्या, पानावर पडलेल्या असल्या तर ओळखू पण येत नाहीत, मग एका कातीनंतर एकदम हिरव्यागार, आणि त्यानंतर जे खातात ते बघवत नाही, दोन दिवसांत फांदी साफ. मग एक दिवस खाणं बंद. एक ओली पातळ शी टाकतात आणि पान सोडून चालायलाच लागतात, कठड्यापर्यंत जातात, तिथे स्वतःला धाग्याने बांधून घेतात. मला नेहमी प्रश्न पडतो की आता बास झालं हे तिला कोण सांगतं? पानं तर अजून शिल्लक असतात.

---

मांडवीचा_मास्तर

गच्चीवाली ताई, तुम्ही कॉमर्स म्हणालात पण हे निरीक्षण माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे.

आधी मोड. भिजल्यावर बी फुगतं ती वाढ नाही, ते नुसतं पाणी शोषणं, मेलेलं बी पण फुगतं. सेव उसळीचे वाटाणे रात्री फुगतात तेव्हा पहिल्या टप्प्यात एवढंच चाललेलं असतं. जिवंत बियात मात्र पाणी पोचलं की श्वसन सुरू होतं, दळांत, म्हणजे दाण्याच्या दोन अर्ध्या भागांत, साठवलेलं स्टार्च आणि प्रोटीन एन्झाइम तोडायला लागतात, त्यातली काही ऊर्जा कामी येते आणि बाकीची उष्णता म्हणून निघते. तुमच्या हाताला लागते ती हीच. गाठोडं घट्ट असतं म्हणून ऊब आत साठते आणि जाणवते.

यात एक गोष्ट मुलांना सांगितली की ती गोंधळतात आणि तो गोंधळ मला हवा असतो. मोड आलेला मूग लांबीने वाढला, ओल्या वजनाने वाढला, पण वाळवून वजन केलं तर तो मूळ दाण्यापेक्षा हलका भरतो! कार्बन जळून हवेत गेला ना. म्हणजे जीव वाढतोय, आकार घेतोय, मूळ-खोड वेगळं होतंय, आणि त्याच वेळी त्याच्यातला सुका माल कमी होतोय. पान हिरवं होऊन उन्हात काम सुरू करेपर्यंत हे असंच चालतं. अंधारात ठेवलेल्या बटाट्याला लांबच लांब पांढरे कोंब येतात ते पण हेच, साठा संपायच्या आत उजेड गाठायची धडपड, पानाला-हिरव्या रंगाला खर्च नाही, सगळा खर्च लांबीवर.

अळीबद्दल फतेहगंज ताई जास्त चांगलं लिहितील.

---

फतेहगंज_लॅब

अळीचं उत्तर थोडक्यात असं की ती दिवस मोजत नाही, वजनाकडे बघते. तंबाखूवर वाढणाऱ्या एका मोठ्या अळीवर यावर बरंच काम झालंय. शेवटच्या टप्प्यात एक ठराविक वजन गाठलं की त्यानंतर तिला उपाशी ठेवलं तरी ती कोषात जाते, पण त्या वजनाच्या आधी उपाशी ठेवलं तर कोष लांबतो. वजन गाठल्यावर एक हार्मोन, ज्याने अळी अळीच राहते, ते ओसरायला लागतं आणि कात टाकायचं हार्मोन पुढचं काम हातात घेतं. तुमच्या लिंबावरच्या अळ्यांच्या जातभाईंमध्ये शिटेसारख्या रंगातून हिरव्यात जाणं पण त्याच पहिल्या हार्मोनच्या ओसरण्यावर आहे. पोटात किती गेलं, साठा किती झाला, याची बातमी इन्सुलिनसारख्या संदेशातून पोचते. फळमाशीत हे फार बारकाईने तपासलंय.

रेशमाचा किडा तर पंचवीस-अठ्ठावीस दिवसांत साधारण दहा हजार पट वजन वाढवतो. ही नुसती भूक नाही, पुढचा सगळा काळ, कोष, पतंग, अंडी, या एका साठ्यावर काढायचाय.

माणसातही याची पडछाया आहे. १९९४ मध्ये लेप्टिन सापडलं, चरबीच्या पेशी ते बनवतात, मेंदूला साठ्याची खबर देतं. ज्या मुलांत जन्मतःच लेप्टिन बनत नाही त्यांची भूक तर आवरत नाहीच, पण वय झालं तरी ती वयात येत नाहीत, आणि लेप्टिन दिलं की येतात. साठा पुरेसा आहे ही खबर पोचल्याशिवाय शरीर पुढच्या पायरीवर पाऊल टाकत नाही.

---

चिनूची_आई

धागा वाचता वाचता माझा प्रश्न विचारते, विषयाला धरून आहे. मुलगा पाच वर्षांचा होईल. बाळ असताना गुटगुटीत होता, आता नुसता काडी. खातो बऱ्यापैकी, दिवसभर पळतो, पण वर्षभरात वजन जेमतेम दीड-दोन किलो वाढलंय आणि सासूबाई रोज म्हणतात अंगाला लागत नाही. जंताचं औषध पण झालं. मेटाबॉलिझम जास्त असेल का त्याचा?

---

पथ्यपाणी

चिनूची आई, मी आहारतज्ज्ञ आहे, तुमच्यासारख्या कितीतरी आया याच वयाला हाच प्रश्न घेऊन येतात आणि मला सासूबाईंची काळजी पण समजते.

या वयात वर्षाला साधारण दोन किलो आणि सहा-सात सेंटीमीटर ही नेहमीची वाढ आहे. आता ती इतकी सावकाश का, याचं उत्तर खरंच मेटाबॉलिझममध्ये आहे पण तुम्हाला वाटतं तसं नाही. २०१४ मध्ये एक अभ्यास आला, मेंदू कुठल्या वयाला किती ग्लुकोज वापरतो आणि त्या वयाला शरीर किती वेगाने वाढतं हे दोन्ही शेजारी ठेवून बघितलं. चार-पाच वर्षांच्या सुमाराला मेंदूचं ग्लुकोज वापरणं शिगेला असतं, दिवसभराच्या एकूण ऊर्जेतला ४० टक्क्यांहून जास्त वाटा एकटा मेंदू घेतो. आणि नेमकं त्याच वयाला अंगाची वाढ सगळ्यात मंद असते. मेंदूत जोडण्या होतायत, भाषा, गोष्टी, प्रश्न, हट्ट सगळं तिथे चाललंय. मेंदूची भूक उतरते तशी अंगाची वाढ पुन्हा वेग घेते, वयात येताना तर झपाट्याने. तुमचं बाळ जे गुटगुटीत होतं ना, त्या चरबीचा एक उपयोग मेंदूला आधार म्हणूनच असावा असं मानतात.

तरी एक करा. उंची-वजनाचा तक्ता बालरोगतज्ज्ञांकडे असतो, त्यात दर सहा महिन्यांनी ठिपका द्यायचा. ठिपके आपल्या रेषेच्या बाजूने चाललेत तर मूल ठीक आहे, काडी असलं तरी. रेषा ओलांडून खाली यायला लागले, किंवा उंचीच थांबली, किंवा दमतो, झोपाळू होतो, पोट साफ होत नाही, असं काही दिसलं तर थायरॉइड आणि बाकी तपासण्या करायच्या, त्यात चालढकल नको.

---

रावपुऱ्याचे_काका

पथ्यपाणी ताई, छान समजावलंत. आमच्या वयाचं पण सांगा. तिशी उलटली की मेटाबॉलिझम मंदावतो म्हणून पोट सुटतं हे आम्ही सगळे मित्र एकमेकांना सांगत आलोय.

---

पथ्यपाणी

काका, २०२१ मध्ये २९ देशांतल्या ६,४०० हून जास्त लोकांची मोजणी प्रसिद्ध झाली, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांपर्यंत. शरीराच्या मापाचा हिशोब करून बघितलं तर सगळ्यात जास्त जळतं ते एक वर्षाच्या सुमाराच्या बाळात, मोठ्या माणसापेक्षा साधारण ५० टक्के जास्त. मग विशीपर्यंत हळूहळू उतरतं, आणि २० ते ६० सपाट! साठीनंतर उतार. म्हणजे तिशीतलं पोट मेटाबॉलिझमच्या माथी मारता येत नाही, बसणं आणि फरसाण यांचा हिशोब करावा लागेल. पण बाळाचा आकडा लक्षात ठेवा. नवजात बाळाचा चयापचय आईसारखाच असतो, आणि जन्मानंतर काही महिन्यांत तो असा चढतो. म्हणूनच त्या काळातला कुपोषणाचा फटका इतका खोल बसतो.

---

विश्वामित्रीकाठ

मगरींबद्दल कोणी लिहिलं नाही अजून, बडोद्याचा धागा आणि मगर नाही असं कसं चालेल. कमाटीबागेच्या बाजूला, विश्वामित्री नदीवरच्या काळ्या घोड्याच्या पुलावरून हिवाळ्यात सकाळी खाली बघा, काठावर तोंड उघडं टाकून ऊन खात पडलेल्या असतात. लोकांना वाटतं आळशी. पण तिच्या शरीरातली प्रत्येक रासायनिक क्रिया बाहेरच्या उष्णतेवर चालते. अंग गरम झाल्याशिवाय खाल्लेलं पचत नाही, थंडीत खाणंच जवळपास बंद, आणि न खाता ती कित्येक आठवडे काढते कारण जळतंच कमी. वाढ पण तशीच, गरम महिन्यांत पुढे जाते, थंडीत थबकते, आणि ते हाडात वर्तुळांसारखं उमटतं, अभ्यासक त्यावरून वयाचा अंदाज बांधतात.

सगळ्यात भारी गोष्ट अंड्यांची. उन्हाळ्याच्या तोंडाशी काठाच्या मातीत मादी खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते, पावसाच्या सुमाराला पिल्लं बाहेर येतात. नर की मादी हे मगरीत क्रोमोसोम ठरवत नाहीत, खड्ड्यातलं तापमान ठरवतं. आपल्या मगरीत साधारण ३१ पर्यंत सगळ्या माद्या, ३२.५ च्या आसपास नर. एक-दीड डिग्रीचा फरक! म्हणून काठावर माती-राडारोडा टाकणं, झाडी काढणं याचा मला त्रास होतो. सावली गेली की खड्ड्याचं तापमान बदलतं आणि पुढच्या पिढीत नर किती माद्या किती हेच बदलू शकतं. पुराच्या वेळी मगर सोसायटीत आली की बातमी होते, अंड्यांची बातमी कोणी करत नाही.

---

प्रतापनगरकर

हे मगरीचं वाचून जरा विचारात पडलो. तापमानाने लिंग ठरतं म्हणजे जीन्स तेच आणि निकाल वेगळा. पण सर, तापमान ही बाहेरची गोष्ट झाली. खाण्याने, म्हणजे खरोखर चयापचयाने, जीन्सचं काम बदललं असं एक ठोस उदाहरण द्या, मग मी मानतो.

---

मांडवीचा_मास्तर

देतो. २००३ चा उंदरांवरचा प्रयोग. एका जातीच्या उंदरांत एक जीन सतत चालू राहिला तर पिल्लं पिवळी आणि लठ्ठ होतात. गरोदर माद्यांना जास्तीचं फॉलिक अ‍ॅसिड, बी-१२, कोलीन आणि बीटेन खायला दिलं. त्यांच्या पिल्लांत तपकिरी रंगाची पिल्लं वाढली. डीएनएची अक्षरं तीच होती, पण त्या जीनच्या जवळ मिथाइलचे, म्हणजे कार्बनच्या एका छोट्या रासायनिक गटाचे, ठिपके जास्त बसले होते आणि जीन शांत झाला होता. हे मिथाइल येतं कुठून? फॉलेट आणि बी-१२ ज्या चक्रात काम करतात तिथून. म्हणजे आईच्या ताटातून निघालेला कार्बनचा एक कण पिल्लाच्या डीएनएवर जाऊन बसतो आणि पिल्लाचा रंग बदलतो. मला तर याहून थेट दुवा सुचत नाही.

---

पथ्यपाणी

मास्तर, याचा माणसातला धागा आपल्या पुण्यातच आहे. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला, तो दशकं चालला. तिथली बाळं जन्माला सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधली साडेतीन. पण बारीक बाळ म्हणजे चरबी कमी असं निघालं नाही. स्नायू आणि पोटातले अवयव लहान, चरबी मात्र बऱ्यापैकी राखलेली. वरून बारीक, आतून चरबी. पुढे मधुमेहाकडे झुकणारं शरीर गर्भातच घडायला लागतं हे यातून पुढे आलं. ज्या आया पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा घ्यायच्या त्यांची बाळं मोठी होती. आणि ज्या आयांचं बी-१२ कमी आणि फॉलेट जास्त होतं त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनचा असर कमी दिसला.

माझ्याकडे येणाऱ्या घरांत शाकाहारी खूप, मराठी-गुजराती दोन्ही. बी-१२ भाजी, डाळ, कठोळ यात नसतं, दूध-दह्यात असतं, अंड्यात-मांसाहारात असतं. दिवसाला एक कप चहातलं दूध पुरत नाही. मूल हवंय असं ठरवलं की तेव्हाच बी-१२ तपासून घ्या, फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या डॉक्टर देतील त्या घ्यायच्याच, त्या बंद करायच्या नाहीत, फक्त बी-१२ कमी असेल तर तेही भरून काढायचं. आणि हे सासर-माहेर दोन्हीकडे सांगा, कारण गरोदर सुनेला ताटात शेवटी उरलेलं मिळतं अशी घरं मी आजही बघते आणि जीव तुटतो.

---

प्रतापनगरकर

मानलं. मुलीच्या शाळेत विज्ञान मेळावा आहे, यातलं घरी करून दाखवता येईल असं काही?

---

मांडवीचा_मास्तर

मुगाचं करा. शंभर-शंभर दाण्यांच्या तीन पुड्या. पहिली भिजवायची नाही. दुसरीला मोड आणून आठवडाभर अंधारात, तिसरीला मोड आणून आठवडाभर उजेडात, रोज पाणी दोघींना सारखं, साधं पाणी, खत नाही. मग तिन्ही एकत्र कडक वाळवायच्या, वजन उतरायचं थांबेपर्यंत. पहिली पुडी पण वाळवायचीच, कारण कोरड्या दिसणाऱ्या मुगातही दहा टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि ते धरलं तर तुलना फसते. मुळांचे तुकडे, सालं काही फेकू नका, सगळं वजनात. शंभर दाणे तीन-चार ग्रॅमच भरतात, त्यामुळे स्वयंपाकघरातला काटा चालणार नाही, ०.०१ ग्रॅम दाखवणारा लागेल, ओळखीच्या सोनाराकडे असतो. मुलीला वजनं स्वतः लिहू द्या, आणि मोजण्याआधी कुठली पुडी जड भरेल याचा तिचा अंदाज वहीत लिहून घ्या.